लून म्हणजे बदक नव्हे, आणि फोटोतलं 'पिल्लू' हे पिल्लू नाही

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मिनेसोटाच्या तळ्यांवरचा प्रवासलेख वाचला. लेख चांगलाच जमलाय, संध्याकाळी कनू (वल्ह्यांची हलकी होडी) थांबवून नुसतं पाण्यावर बसून राहण्याचं जे वर्णन आहे ते तर अगदी खरं आहे, मी स्वतः गेली अकरा वर्षं मिनेसोटात राहते त्यामुळे मला ते कळतं. पण लेखासोबत तीन फोटो छापलेत ना, त्यांच्या खालच्या ओळी वाचल्या आणि राहवलं नाही. पहिल्या फोटोखाली 'मिनेसोटाचं राज्यबदक', दुसऱ्याखाली 'लूनचं पिल्लू', तिसऱ्याखाली 'पाणकावळ्यांचा जोडा'. तिन्ही चुकलंय. आणि मजकुरात वर असंही म्हटलंय की कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावरसुद्धा हेच बदक आहे.

तर ते बदक नाही. कॉमन लून. ब्रिटनमध्ये याच पक्ष्याला ग्रेट नॉर्दर्न डायव्हर म्हणतात, म्हणजे नावातच बुडी मारणारा. मिनेसोटाने त्याला 1961 मध्ये राज्यपक्षी केलं, राज्यबदक असा काही प्रकार नाहीये. कॅनडाचं नाणं 1987 चं, त्यावर लून आहे म्हणून लोक नाण्यालाच लूनी म्हणायला लागले. मूळ डिझाइन खरं तर वेगळंच होतं, कनूतल्या माणसांचं, पण त्याचे साचे विनिपेगच्या टांकसाळीकडे जाताना वाटेत गहाळ झाले आणि मग लूनचं चित्र आलं. पुढे 1996 मध्ये दोन डॉलरचं नाणं आलं तर त्याचं नाव आपोआप टूनी. हे सगळं एका पक्ष्यामुळे, आणि त्याला आपण बदक म्हणायचं?

आता कोणी म्हणेल की पाण्यावर पोहतं, पायाला पडदे आहेत, मग बदकच की. पण नात्याने बघायला गेलं तर लून आणि बदक फार लांबचे. लूनचं एक स्वतंत्र कुटुंब आहे, त्यात जगभर मिळून फक्त पाच जाती, आणि पाचही उत्तरेकडच्याच: उन्हाळ्यात गोड्या तळ्यांवर वीण, हिवाळ्यात समुद्र. आधी लोक त्यांना टिबुकली या पाणपक्ष्याच्या जवळचे मानायचे कारण दोघंही बुड्या मारतात, दोघांचेही पाय मागे असतात. पण जनुकं तपासल्यावर कळलं की टिबुकलीचे जवळचे नातेवाईक फ्लेमिंगो आणि लूनचे त्यातल्या त्यात जवळचे म्हणजे पेंग्विन आणि अल्बट्रॉस वगैरे मंडळी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं होतं.

लून ओळखायचा तर आधी त्याचे पाय समजून घ्यावे लागतात असं मला वाटतं, कारण बाकी सगळं त्यातून येतं. पाय शरीराच्या अगदी शेवटी, जवळजवळ शेपटीपाशी बसवलेत, बोटीच्या मागे पंखा असतो तसे. पाण्याखाली तो पंख अंगाशी घट्ट मिटून घेतो आणि फक्त पायांनी रेटत जातो. हाडं बऱ्याच पक्ष्यांची पोकळ असतात, याची बरीचशी भरीव, त्यामुळे तो पाण्यात खोल बसलेला दिसतो, बदकासारखा वर तरंगत नाही. पाठीची रेघ पाण्याच्या जवळ, आणि मनात आलं तर अजून खाली जाऊन नुसतं डोकं मान वर ठेवतो. बुडी मारताना उसळी नाही, थुईथुई नाही, आधी डोळ्यापर्यंत तोंड पाण्यात घालून खाली मासे बघतो आणि मग बघता बघता आत जातो, पाणी हलत पण नाही. आपण आपलं तिथेच दुर्बीण लावून बसायचं आणि हा मिनिटभराने भलतीकडेच वर येतो.

याची किंमत तो जमिनीवर मोजतो. नीट उभं राहता येत नाही, छातीवर घसरत जातो, म्हणून घरटं पाण्याच्या अगदी काठावर. उतरताना पाय पुढे करता येत नाहीत म्हणून पोटावर उतरतो, सीप्लेनसारखा लांब पांढरी रेघ ओढत. आणि उडायला त्याला पाण्यावर लांब धाव लागते, कधी तीसेक मीटर, वारा नसेल तर शंभराच्या वर. पावसात रात्री ओला रस्ता किंवा पार्किंग लॉट वरून चमकताना त्याला तळं वाटतं आणि तो तिथे उतरतो, मग परत उडणं शक्यच नसतं. लोकांना वाटतं पाय मोडलाय. मोडलेला नसतो, तो असाच असतो. तळं गोठायला लागलं की मधे उरलेल्या छोट्या पाण्यात अडकतात तेही यामुळेच. लून हे नावच बहुतेक जुन्या नॉर्डिक भाषेतल्या लंगड्या किंवा अवघडलेल्याच्या शब्दावरून आलं असं मानतात, नॉर्वे स्वीडनमध्ये अजून लोम म्हणतात. तुमच्या लेखात ते इंग्रजीतल्या वेड्याच्या शब्दावरून आलं असं लिहिलंय, तसं नाहीये.

पहिला फोटो उन्हाळ्यातला आहे, त्यामुळे तो ओळखायला सोपा. काळं डोकं, उन्हात हिरवट चमक, गळ्यात उभ्या पांढऱ्या रेघांचा पट्टा, पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखे पांढरे चौकोन, लाल डोळा. असा दुसरा पक्षी तिथल्या तळ्यांवर नाही आणि लहान पोरंसुद्धा ओळखतात. खरी परीक्षा हिवाळ्यात, आणि तिथेच मी स्वतः आपटले आहे, म्हणून तुमच्या फोटो लावणाऱ्यावर फार रागावता येत नाही.

झालं असं, की मिनेसोटात तीनचार उन्हाळे लून बघून बघून मला वाटायला लागलं होतं की लूनबद्दल आपल्याला आता कोणी शिकवू नये. एका डिसेंबरमध्ये आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉडला गेलो. वारा असा की दुर्बीण धरवत नव्हती. समोर समुद्रात सहा राखाडी पांढरे पक्षी बुड्या मारत होते, मी पुस्तक काढलं, मनात म्हटलं कॉमन लून तर काळा पांढरा चौकटीचा असतो, हे राखाडी आहेत, म्हणजे दुसरे, म्हणजे रेड थ्रोटेड लून, आणि ईबर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षणाच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, धडाधड सहा रेड थ्रोटेड नोंदवून फोटोसकट टाकून दिले. दोन दिवसांनी तिथल्या नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाची मेल आली. अगदी नम्र, की फोटोबद्दल आभार, जरा चोचीची जाडी आणि मानेवरची रेघ परत बघाल का. बघितली. सहाच्या सहा कॉमन लून होते. म्हणजे ज्या पक्ष्याला मी चार उन्हाळे रोज बघत होते त्यालाच मी कपडे बदलल्यावर ओळखलं नाही! नवरा अजूनही गर्दीत मी कोणाला ओळखलं नाही की 'चोच बघ चोच' म्हणतो.

पण त्या मेलनंतर मी रंग बघायचं सोडलं, म्हणजे रंग शेवटी बघायचा. लूनच्या पाचही जाती हिवाळ्यात वरून राखाडी तपकिरी आणि खालून पांढऱ्या होतात, लाल डोळाही मंद पडतो, रंगावर गेलात की फसलात. आधी चोच आणि कपाळ. कॉमन लूनची चोच म्हणजे जाड सरळ सुरा, आणि तो ती पाण्याला समांतर धरतो. कपाळ चोचीपासून एकदम चढतं, कधी कधी तर पुढे टेंगूळ आल्यासारखं दिसतं, डोकं मोठं, मान जाड, एकंदर दांडगा पक्षी, तीन ते पाच किलोचा. मानेवर गडद आणि पांढऱ्याची हद्द सरळ नसते, दातेरी असते, मानेच्या खालच्या भागात गडद रंग अर्ध्या कॉलरसारखा पुढे येतो आणि त्याच्या वर पांढरा रंग आत घुसतो. डोळ्याभोवती पुसट पांढरं कडं. त्या मेलमधली 'मानेवरची रेघ' ती हीच.

रेड थ्रोटेडचा सगळा तोरा वेगळा. बारीक चोच, खालचा जबडा टोकाकडे वर वळलेला, आणि हा पक्षी कायम हनुवटी वर करून असतो, जरा नाक वर करून चालणाऱ्या माणसासारखा. कपाळ तिरकं, मान बारीक. हिवाळ्यात चेहऱ्याचा पांढरा रंग इतका वर चढतो की काळा डोळा पांढऱ्यात वेगळा उठून दिसतो, कॉमनमध्ये डोळा गडद भागात असतो. पाठीवर बारीक पांढरे ठिपके, जणू चांदण्या, त्याचं शास्त्रीय नावच स्टेलाटा, म्हणजे ताऱ्यांचा. पाचात सगळ्यात लहान हाच, आणि छोट्या डबक्यातूनही उडू शकणारा बहुतेक हा एकटाच. स्कॉटलंडच्या वर शेटलंड बेटांवर याला रेन गूज म्हणतात, त्याच्या उडण्यावरून आणि ओरडण्यावरून पाऊस येणार का ते लोक सांगायचे. म्हणजे तिथेही कोणीतरी त्याला हंसबदकांत घातलंच म्हणा, तेव्हा तुम्ही एकटे नाही.

आता तुमचा दुसरा फोटो बघा. बारीक चोच, वर उचललेली. डोळा पूर्ण पांढऱ्यात. पाठीवर बारीक ठिपके. हे कॉमन लूनचं पिल्लू नाही, हा मोठा झालेला रेड थ्रोटेड लून आहे हिवाळी पिसांतला. लहान दिसला म्हणून पिल्लू समजलं गेलं असणार. कॉमन लूनचं पिल्लू लहानपणी काळपट तपकिरी मऊ पिसांचं असतं, पहिले एकदोन आठवडे आईबापाच्या पाठीवर बसून फिरतं, तो फोटो काढायला सगळे धडपडतात. पहिल्या हिवाळ्यातलं पोर जवळजवळ आईबापाएवढंच असतं, फक्त पाठीवरच्या पिसांना फिकट कडा असतात त्यामुळे पाठ खवल्याखवल्यांची दिसते. बरं, आईबाप शरदात आधी निघून जातात आणि ही पोरं नंतर आपली आपण समुद्राची वाट शोधतात, कोणी दाखवायला नसतं. आणि मग दोनतीन वर्षं समुद्रावरच राहतात, म्हणून किनाऱ्यावर भर उन्हाळ्यातसुद्धा एखादा राखाडी लून दिसतो आणि लोक चक्रावतात.

उरलेल्या तीन जातींचं थोडक्यात सांगते. ब्लॅक थ्रोटेड हा युरोप आशियाचा, हिवाळ्यात पोहताना मागच्या बाजूला पाण्याच्या रेघेवर पांढरा ठिपका दिसतो, तोच धरायचा. पॅसिफिक त्याचा अमेरिकेकडचा भाऊ, 1985 पर्यंत अमेरिकन यादीत दोघं एकच जात धरली जायची. याला तो मागचा पांढरा ठिपका नसतो, डोकं गोल गुळगुळीत, मानेवरची रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ, आणि पुष्कळदा हनुवटीखालून हेल्मेटच्या पट्ट्यासारखी बारीक गडद रेघ. पाचवा यलो बिल्ड, सगळ्यात मोठा, आर्क्टिकचा, चोच फिकट पिवळी हस्तिदंती. इथे एक खोच आहे, हिवाळ्यात कॉमनची चोचही फिकट होते म्हणून लोक दर वर्षी यलो बिल्ड दिसला म्हणून नाचतात. चोचीची वरची कड टोकापर्यंत बघायची. कड गडद असेल तर कॉमन, नाचणं रद्द.

पाणकावळ्याबद्दल पण लिहायला हवं कारण तिसऱ्या फोटोत तो गोंधळ झालाय, आणि तो सगळ्यांचाच होतो. पाणकावळाही पाण्यात खोल बसतो, चोच वर धरतो, लांबून रेड थ्रोटेडसारखा वाटू शकतो. पण त्याच्या चोचीच्या टोकाला आकडा असतो, लूनला कधीच नसतो. पाणकावळ्याची शेपटी लांब, लूनची असून नसल्यासारखी. बुडी मारताना पाणकावळा बऱ्याचदा छोटी उडी घेतो. आणि तो बाहेर येऊन खांबावर, दगडावर पंख पसरून बसतो, लून खांबावर बसलेला कोणी दाखवला तर मी त्याला नमस्कार करीन, त्याचे पायच तसे नाहीत. पुढून गळा आणि छाती बघा, हिवाळ्यातल्या लूनची ती स्वच्छ पांढरी. तुमच्या फोटोत दोघांचेही गळे पांढरे आहेत. पिल्लू पाणकावळा छातीला फिकट असतो हे खरं, पण ती मळकी, आणि चोचीच्या मुळाशी पिवळी नारिंगी कातडी दिसते.

मर्गँझर म्हणून एक बदक आहे, ते मात्र खरंच बदक, त्याचाही गोंधळ होतो. त्याची चोच बारीक, आत करवतीसारखे दाते, आणि मादीच्या डोक्यावर मागे विस्कटलेले केस असतात, उशीवरून आत्ताच उठल्यासारखे. मोठी टिबुकली असेल तर मान काठीसारखी सरळ आणि पायाला पडदा नाही, प्रत्येक बोटाला वेगवेगळी पानासारखी झालर. अर्थात पोहणाऱ्या पक्ष्याचे पाय बघायला मिळणार कसे, हा प्रश्न रास्त आहे. उडताना मात्र लून लगेच कळतो, मान पुढे आणि किंचित खाली झुकलेली, पाठीला कुबड, मागे मोठाले पाय लोंबतायत, पंखांची न थांबता फडफड. बदकांचे थवे रांगेत जातात, लून बहुतेक एकेकटे, फार तर विखुरलेले.

आवाजाबद्दल लेखकाने 'लांडग्यासारखी आरोळी' असं लिहिलंय ते बरोबर आहे पण ते चारातलं एक झालं. लांब ओढलेली हाक ती जोडीदाराला, मी इथे आहे तू कुठेस अशी. थरथरतं हसल्यासारखं ते ट्रेमोलो, घाबरल्यावरचं, आणि उडता उडता फक्त तेच काढतो. योडल फक्त नर काढतो, हद्द सांगायला, प्रत्येक नराचं वेगळं, आणि गंमत म्हणजे नराने तळं बदललं की तो योडलसुद्धा बदलतो. हूट म्हणजे घरातलं हळू बोलणं. पहिल्या रात्री मी तंबूत हे ऐकलं तेव्हा झोप उडाली होती, आणि आता टीव्हीवर कुठल्याही विषुववृत्ताच्या जंगलात रात्रीचा सीन आला की मागे लून ओरडत असतो! साउंड लावणाऱ्यांना तो आवाज भीतीदायक म्हणून आवडतो, त्या जंगलात लून जन्मात गेला नसेल तरी.

एक गोष्ट लेखात यायला हवी होती असं वाटतं, कारण लेखकाने मासेमारीबद्दल परिच्छेदभर लिहिलंय. लून अन्न दळायला तळातले खडे गिळतो. त्यात गळाची शिशाची वजनंही जातात, किंवा ती गिळलेल्या माशातून पोटात जातात, आणि एक छोटं वजन एका मोठ्या लूनला मारायला पुरतं. अमेरिकेच्या ईशान्येला न्यू इंग्लंडमध्ये मोठ्या लूनच्या मरणाचं हे एक मुख्य कारण आहे. न्यू हॅम्पशायरने एक औंसापर्यंतची शिशाची वजनं आणि जिग (वजन बसवलेले गळ) यांची विक्री आणि वापर कायद्यानेच बंद केला, 2016 पासून. टिन किंवा स्टीलची वजनं मिळतात, मासा त्यालाही लागतो. आणि लून पाण्यावर उभा राहून पंख पसरून नाचायला लागला की ते लेखकाला वाटलं तसं 'स्वागत' नसतं, तुम्ही घरट्याच्या किंवा पिल्लाच्या फार जवळ आलात म्हणून त्याचा जीव वर आलेला असतो, कनू मागे घ्यायची. त्या चोचीची ताकद कमी समजू नका, मेन राज्यात ब्रिजटनला 2019 मध्ये एक मेलेला बॉल्ड ईगल (पांढऱ्या डोक्याचा गरुड) सापडला, तपासलं तर लूनच्या चोचीची जखम थेट त्याच्या हृदयापर्यंत गेलेली, आणि जवळच लूनचं मेलेलं पिल्लू होतं.

तर दुरुस्ती छापणार असाल तर पहिल्या फोटोखाली 'कॉमन लून, मिनेसोटाचा राज्यपक्षी' आणि दुसऱ्याखाली 'रेड थ्रोटेड लून, हिवाळी पिसं' एवढं करा. तिसऱ्याचं मी अर्धा तास भिंग घेऊन बघितलं. पांढरे गळे आहेत, आकडा नाही, शेपटी नाही, म्हणजे लूनच, पण एकाची चोच लाटेआड गेलीये आणि दुसऱ्याने नेमकी मान फिरवलीये. तिथे 'लून, जात नक्की नाही' असं छापा. पक्षी बघणारे वहीत असंच लिहितात.

आपली,
एक नियमित वाचक